डिस्कस घ्यायचा तर आधी विकणाऱ्याची टाकी बघा

वाघोलीहून एका ताईंचा प्रश्न आलाय. तीन फुटी टाकी आहे, दोन वर्षं गप्पी-मॉली नीट सांभाळल्या, आता डिस्कस (ताटलीसारखे गोल, चपटे शोभेचे मासे) हवेत. नवरा-बायको दोघंही नोकरीला, सोसायटीत टँकरचं पाणी. एका दुकानात दीड इंची लाल डिस्कस स्वस्तात मिळतायत, त्यातले चार घेऊ का? की सरळ एक 'ब्रीडिंग पेअर', म्हणजे अंडी घालणारी जमलेली जोडी, घेऊन टाकू?

ताई, ते चार नकोत आणि पेअर तर मुळीच नको. का ते सांगतो. कोथरूडच्या घरात वीस वर्षं डिस्कस पाळतोय, त्यातली काही वर्षं पिल्लंही काढली. या काळात जे मासे मेले, त्यातले निम्मेअधिक मी घरी आणले त्याच दिवशी मेल्यात जमा होते. मला ते नंतर कळलं, एवढंच.

आधी दीड इंचाबद्दल. रुपयाएवढं ते पिल्लू म्हणजे तान्हं बाळ. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. आईच्याच नाही, बापाच्याही. पिल्लांचा घोळका आईच्या अंगावरून बापाच्या अंगावर जाताना एकदा बघा, टीव्ही लावावासा वाटणार नाही. तिथून सुटलेल्या पिल्लाला दिवसातून पाच-सहा वेळा खाऊ घालावं लागतं आणि एवढ्या खाण्याची घाण काढायला जवळपास रोज निम्मं पाणी बदलावं लागतं. सकाळी आठला घर सोडणाऱ्याला हे जमत नाही. खाणं कमी पडलं म्हणून पिल्लू लगेच मरत नाही, ते खुरटतं. अंगाची वाढ थांबते, डोळा मात्र वाढत राहतो. नीट वाढलेला डिस्कस सहा-सात इंचांचा होतो. खुरटलेला तीन-साडेतीन इंचांवर अडकतो आणि शर्टाला कोटाचं बटण लावावं तसा दिसतो. नंतर कितीही खाऊ घाला, ते वर्ष भरून निघत नाही.

म्हणून साडेतीन ते चार इंचांचे घ्या. एका माशाला दीड इंचीच्या कितीतरी पट पैसे पडतील, हे खरं. पण वाढीचे नाजूक महिने दुसऱ्या कुणीतरी काढलेले असतात, आणि मासा खुरटलाय की नाही ते तुमच्या डोळ्यांना दिसतं. दीड इंचात ते मलाही दिसत नाही.

दीड इंचाच्या पिल्लावर भडक निळा-हिरवा रंग पूर्ण चढलेला दिसला तर दुकानातून तसंच परत फिरायचं. टर्क्वाइजसारख्या जातींचा रंग वयाबरोबर सावकाश भरतो. तान्ह्या पिल्लावर तो अख्खा दिसतो तेव्हा बहुधा खाण्यातून हार्मोन दिलेलं असतं. घरी आल्यावर काही आठवड्यांत रंग उतरतो. लाल-पिवळ्या जातींना हा नियम तितका लागू नाही, त्या लहानपणीही रंगीत असतात.

लाल रंगावरून आणखी एक गोष्ट. रेड मेलन वगैरे लाल-पिवळ्या जातींतल्या बऱ्याचशा थायलंडमधल्या 'पिजन ब्लड' या वाणातून आल्या, जो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आला. मूळच्या डिस्कसच्या अंगावर उभे काळे पट्टे असतात आणि मासा घाबरला, आजारी पडला की ते गडद होतात. पिजन ब्लडमध्ये हे पट्टेच नाहीत. म्हणजे माशाची तब्येत सांगणारी पाटीच पुसलेली. त्याऐवजी मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके येतात आणि मागे काळा कागद लावला तर ते वाढतात. लाल घेऊ नका असं म्हणत नाही, माझ्याकडेही आहेत. पण एकूण सहा मासे घ्या आणि त्यात निदान दोन टर्क्वाइज किंवा निळे असू द्या. त्यांच्या अंगावरून टाकीत काय चाललंय ते नवशिक्यालाही वाचता येतं.

सहा का, तर हा कळपाचा मासा आहे आणि कळपात भांडण असतंच. दोन घेतले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबतो. तीन-चारांत सगळ्यात गरीब बिचारा उपाशी राहतो. सहात तो मार वाटला जातो. आणि सहाही एकाच माणसाकडून, एकाच दिवशी, एकाच मापाचे घ्यायचे. माझं सगळं सांगणं या एका वाक्याभोवती फिरतंय, तेव्हा याचा किस्सा ऐकाच.

मी सुरुवातीला चार मासे एका ठिकाणाहून आणले होते. आठ महिने सुंदर चालले. मग एका दुकानात दोन देखणे निळे दिसले, उचलले, पिशवी थोडा वेळ तरंगवली आणि सोडले. नवे दोघे ठणठणीत होते. दहाव्या दिवशी जुने चारही काळे पडले, एका कोपऱ्यात शेपट्या वर करून दाटीवाटीनं उभे राहिले, अंगावर शेवाळी साय आल्यासारखी दिसायला लागली. आठवड्यात सहातले पाच गेले. डिस्कसवाले याला 'प्लेग' म्हणतात. प्रत्येक पाळणाऱ्याच्या टाकीत आपापले जंतू असतात, तिथल्या माशांना ते पचलेले असतात, दुसऱ्या घरच्या माशांना पचत नाहीत. त्यामुळे नवा मासा निरोगी दिसला तरी जुन्यांना मारू शकतो, आणि उलटही. दुकानदारावर मला राग काढता आला नाही, त्याचा मासा तर जिवंत होता.

त्या दिवसापासून नवा मासा सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो, वेगळी जाळी, वेगळी बादली. शेवटच्या दोन आठवड्यांत जुन्यांतला एक मासा त्याच्या सोबतीला टाकतो. झालं नुकसान तर एकाचं. तुमची तीन फुटी टाकी मोडीत काढू नका, ती याच कामाला ठेवा.

आता दुकानात काय बघायचं. पुण्यात येणारे डिस्कस चेन्नई, कोलकाता, मुंबईकडून येतात, काही मलेशिया-थायलंडचे आयात असतात, आणि शहरात घरच्या घरी पिल्लं काढणारे हौशी लोकही आहेत. माझं मत विचाराल तर पहिले सहा अशाच एखाद्या हौशी माणसाकडून घ्या. त्याच्याकडे आईबाप बघायला मिळतात आणि तो खोटं बोलला तरी त्याची टाकी खोटं बोलत नाही.

दुकानातूनच घ्यायचे असतील तर नुकता आलेला माल घेऊ नका. दोन आठवडे तिथे राहू दे, पैसे आगाऊ देऊन ठेवा हवं तर. मग टाकीपुढे अर्धा तास उभे राहा. चहा पाजला तर प्या, पण नजर टाकीवर ठेवा. मासे काचेकडे येतायत की मागे लपतायत? दोन्ही बाजूंचे कल्ले हलतायत का? एकच कल्ला चालू आणि दुसरा मिटलेला असेल तर कल्ल्यांत कृमी असण्याची शक्यता मोठी. श्वास धापा टाकल्यासारखा नको. वरून बघा: कपाळ भरलेलं हवं. डोळ्यांच्या वर दोन्ही बाजूंनी खोबण पडली असेल, मासा सुरीच्या पात्यासारखा दिसत असेल, तर तो बरेच दिवस नीट जेवलेला नाही. डोळा अंगाच्या मानानं लहान आणि स्वच्छ, अंग गोल. लांबट डिस्कस पुढे गोल होत नाही.

विष्ठा बघायला लाजू नका. काळी-तपकिरी, तुटक असेल तर उत्तम. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यात हेक्झामिटासारखे जंतू असू शकतात. त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं, पण आजार विकत आणून औषध शिकायची ही वेळ नाही.

मग दुकानदाराला म्हणा, "जरा खाऊ टाका की." इथे कळतं सगळं. निरोगी डिस्कस खाण्यावर तुटून पडतो. "आत्ताच खाल्लं हो त्यांनी" असं उत्तर आलं तर हसून म्हणा, मी उद्या सकाळी उपाशीपोटी बघायला येतो. उद्या खरोखर जा. टाकीत एकजरी मासा काळा पडून कोपऱ्यात उभा असेल तर त्या टाकीतला दुसरा कितीही देखणा असो, घ्यायचा नाही. पाणी एकच असतं.

सोबत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारं मीटर न्या. लहान पेनासारखं यंत्र असतं, स्वस्त मिळतं. विकणाऱ्याच्या टाकीत बुडवा, आकडा लिहून घ्या. पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा) आणि तापमान विचारा, खायला काय देतो ते विचारा. या प्रश्नांची त्याला चीड आली तर तो माणूस आपल्या कामाचा नाही.

पाण्याकडे येतो, कारण तुमची खरी गोम टँकर आहे. डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. निसर्गसंशोधक योहान नाटरर यांनी ब्राझीलमध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाचे मत्स्यतज्ज्ञ हेकेल यांनी १८४० साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तो मासा रिओ निग्रो नदीकडचा. तिथलं पाणी चहासारखं तांबूस, अतिशय मऊ (क्षार जवळपास नसलेलं) आणि आम्लधर्मी. हे वाचून नवशिके पीएच खाली आणायची औषधं ओततात, आज सहा, उद्या साडेसात, आणि त्या झोक्यावर मासा मारतात. तुम्ही घेणार तो डिस्कस पिढ्यानपिढ्या टाकीत वाढलेला आहे. साडेसहा ते साडेसातच्या दरम्यानचा कुठलाही स्थिर पीएच त्याला चालतो, थोडा वर असला तरी निभतो. अंडी-पिल्लं हवी असतील तेव्हा मऊ पाण्याचा विचार करू.

कोथरूडला आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं, ते धरणाचं असल्यानं बऱ्यापैकी मऊ. मी फक्त क्लोरीन मारतो. टँकर मात्र बहुतेक बोअर-विहिरींवर भरतात आणि आपल्या काळ्या कातळातलं ते पाणी जड असतं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली खरी, तुमचा टँकर काही सुटलेला दिसत नाही. त्यातही आजचा टँकर एका विहिरीवरचा, परवाचा दुसऱ्या. जडपणापेक्षा हा बदल जास्त त्रासदायक आहे. म्हणून दोनशे लिटरचा एक ड्रम घ्या. त्यात पाणी भरून एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून चोवीस तास खेळतं ठेवा, मग मोजा, मग टाकीत घ्या. बोअरच्या ताज्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो उडून गेल्यावर पीएच वर चढतो. सरळ टाकीत ओतलं तर तो चढ माशांना सोसावा लागतो.

टीडीएस पाचशेच्या आत असेल तर मी आरओच्या भानगडीत पडणार नाही, त्याच प्रकारच्या पाण्यात वाढलेले मासे शोधेन. आठशेच्या आसपास असेल तर मिसळावं लागेल: आरओचं पाणी तीस धरलं, तर सात बादल्या आरओ आणि तीन बादल्या टँकर मिळून साधारण दोनशे साठ येतो. नुसतं आरओ कधीच वापरू नका, त्यात पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि एखाद्या रात्री तो धाडकन खाली येतो. शिवाय सत्तर लिटर आरओसाठी घरगुती यंत्र त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी बाहेर टाकतं. ते भांडी-लादीला वापराल, तरी विकतचा टँकर आहे, हिशोब करूनच ठरवा.

नळाचं पाणी वापरणाऱ्या इतर पुणेकरांसाठी: दुरुस्तीला पाणी बंद ठेवायचं की महापालिका सहसा गुरुवार धरते. शुक्रवारी नळाला उशिरा, कमी दाबानं आणि कधी गढूळ येतं. शुक्रवारी पाणी बदलायचं नाही, हा आमच्या घरचा उपास.

टाकी चार फुटी हवी. चार बाय दीड बाय दीड म्हणजे अडीचशे लिटर, सहा मोठ्या डिस्कसना दर माशामागे चाळीस लिटर. पाण्याचंच वजन अडीचशे किलो, काच-स्टँड वेगळं. भिंतीला लागून ठेवा, हॉलच्या मधोमध नको. तळाला वाळू-गोटे काही नको. दिसायला ओकंबोकं वाटेल, पण उरलेलं अन्न आणि विष्ठा दिसते आणि पाइपनं ओढता येते. पाहुण्यांसाठी एक लाकडाचा ओंडका ठेवा.

तापमान २८ ते ३०. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटरशिवाय हे अशक्य. तीनशे वॉटचा एक हीटर घेऊ नका, दीडशेचे दोन घ्या. हीटर बिघडताना कधीकधी चालू अवस्थेत अडकतो. तीनशेचा अडकला तर सकाळी सूप मिळतं, दीडशेचा अडकला तर तुम्हाला जागं व्हायला वेळ मिळतो. थंडीत दोन्ही मिळून दहा तास चालले तर दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. घरात हे आधी सांगून ठेवा. मागच्या आणि बाजूच्या काचांना पांढरा थर्मोकोल चिकटवला की बिल थोडं उतरतं. पाणी बदलताना हीटर बंद करायचा, नाहीतर उघडा पडून त्याची काच तडकते. वीज गेली तर आधी हवेची काळजी करा, उष्णतेची नाही: अडीचशे लिटर पाणी सावकाश निवतं, पण गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या.

फिल्टरचं सायकलिंग, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढवणं, तुम्ही गप्पींवर शिकलाच असाल. फरक इतकाच की इथे अमोनिया आणि नायट्राइट शून्य म्हणजे शून्यच हवं. नव्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या जुन्या टाकीत नवा स्पंज फिल्टर आजपासून चालवत ठेवला तर बरंच काम होऊन जाईल, फक्त तिथे रोगराई नसल्याची खात्री करा.

मासे घरी आणताना पुण्यातल्या पुण्यात असेल तर सोपं: थर्मोकोलचा डबा, पिशवी तरंगवून तापमान जुळवा, अर्ध्या-पाऊण तासात थोडं थोडं तुमचं पाणी घाला, मासा जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. बाहेरगावाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीला मात्र हा सावकाशपणा मारक ठरतो. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष बनतो. तिथे बंद पिशवीतच तापमान जुळवायचं, उघडली की मासे लगेच टाकीत. हे परवडायला टाकीचं पाणी आधीच विकणाऱ्याच्या पाण्याच्या जवळ आणलेलं हवं, म्हणून तो टीडीएसचा आकडा. जड पाण्यातून एकदम मऊ पाण्यात जाणं उलट प्रवासापेक्षा जास्त बाधतं, हेही ध्यानात ठेवा.

पहिला दिवस दिवा बंद, खाणं नाही. दोन-तीन दिवस जेवले नाहीत तरी घाबरू नका. विकणारा देत होता तेच अन्न थोडं मागून आणा. पुढे माशांच्या खाद्याचे चांगल्या प्रतीचे दाणे आणि गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) पुरतात. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) नको, ते घाणीच्या पाण्यात वाढतं आणि आजार घेऊन येतं. जुने डिस्कसवाले खाटकाकडून म्हशीचं 'दिल' आणून, चरबी काढून, कोळंबीबरोबर वाटून वड्या पाडतात. मासे झपाट्यानं वाढतात, पाणीही तितकंच झपाट्यानं खराब होतं. आमच्या फ्रीझरमध्ये त्या वड्या सोललेल्या मटारशेजारी सापडल्या तेव्हा जे झालं, त्यानंतर मी दाण्यांवर आलो. माशांचं काही अडलं नाही.

सोबतीला कार्डिनल टेट्रा किंवा रमीनोज चालतात, त्यांना ही उष्णता मानवते. एंजल नको, ते खाण्यात पुढे पळतात आणि डिस्कसला बाधणारे परजीवी अंगावर बाळगतात. गप्पी-मॉली यांच्यात मिसळू नका.

राहिली पेअर. डिस्कसमध्ये नर-मादी नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात, आणि ती पांढरी पडतात. खरी चालणारी जोडी कुणी सहसा विकत नाही. विकतो तेव्हा ती म्हातारी झालेली असते किंवा अंडी खाणारी. सहा एकत्र वाढवा, वर्षभरात त्यातली दोघं स्वतःच कोपरा धरून बाकीच्यांना हाकलायला लागतील, ती तुमची जोडी.

तेव्हा या महिन्यात मासे घेऊच नका. ड्रम आणि मीटर आणा, सलग तीन टँकरांचं पाणी चोवीस तास खेळवून त्याचा टीडीएस आणि पीएच मोजा, ते सहा आकडे मला कळवा. आरओ लागेल की नाही, ते त्यावरून सांगतो.